धर जरा हा चष्मा

“धर जरा.”

बाई एवढंच बोलायच्या न डोळ्यावरचा चष्मा काढून समोरच्याच्या हातात द्यायच्या. समोरचा म्हणजे दोघांमधला जो जास्त ओरडत असंल तो, मग नवरा असू दे नायतर बायको. काचा जाड, काड्या बारीक, एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. असला चष्मा हातात आला की माणसाला समजतच नाय आता याचं करायचं काय. खिशात घालता येत नाय, टेबलावर आपटता येत नाय, आणि बोट नाचवून बोलायला गेलं की चष्मापण बोटाबरोबर हवेत जातो न पडंल म्हणून आपणच घाबरतो. मंग चांगले दांडगे बाप्ये दोन हातांची ओंजळ करून, त्यात तो चष्मा ठेवून, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखे गप बसायचे.

“आता सांगा,” बाई बोलायच्या. “मला तुमची तोंडं दिसत नाहीत, म्हणजे मला आता नीट ऐकू येईल.”

तुमीपण बघितलं असंल बाईंना. पनवेलच्या उरण नाक्यावर भाजी घ्यायला यायच्या, फिकी साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला. मधेच थांबून कोणाच्यातरी नवऱ्याला बोलायच्या, ओळख ना पाळख, “काय रे, हिच्याकडे दोन पिशव्या न तुझ्याकडे मोबाईल? जड आहे का मोबाईल?” तो बिचारा पिशवी घ्यायचा. आठवलं असंल तर त्याच बाई.

बाई आमच्या इथल्या चर्चच्या. पाळकसाहेब वेगळे, ते प्रवचन सांगायचे. बाई मंडळीच्या वडील. म्हणजे कारभार बघायला मंडळी जी माणसं निवडते त्यांना वडील बोलतात, न त्यांच्यात बाई एकट्याच बाईमाणूस. मला हे काय माहीत नव्हतं. मी तिथं कामाला लागली तवा पहिल्याच आठवड्यात पाळकसाहेबांना विचारलं, बाई वडील, मंग बाईंचे मालक कोण? पाळकसाहेब बोलले, “ते फक्त मालक, बाकी काही नाही,” न खूप वेळ हसत राहिले.

हिशेब, छप्पर, खुर्च्या सगळं बाईच बघायच्या, पण त्यांचं खरं काम लग्नं. होणारी, झालेली न मोडायला आलेली. रविवारी उपासना संपली की हॉलच्या मागच्या खोलीत जोडपी बसायची, ख्रिस्तीच असायला पायजे असं काय नव्हतं, कोणपण यायचं. मी तिथं झाडू मारायची, खुर्च्या लावायची न चहा करायची. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “चहा आत आणायचा आणि कान बाहेर ठेवायचे.” चहा मी नीट आणला. कानांचं काय जमलं नाय.

तर त्या तारेचं सांगते. उरणचं एक जोडपं आलेलं, तो बंदरावर क्रेन चालवतो, ती कोळीण. त्याचा आवाज असा की हॉलचे पत्रे वाजायचे.

“मॅडम, ही मला माणूसच समजत नाय.”

“समजते तर,” ती बोलली. “बैल समजली असती तर पेंड दिली असती. डबा कशाला दिला असता?”

तो उठलाच. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. बाईंनी चष्मा काढला. “धर जरा.” तो बसला. काडीवरून बोट फिरवलं न बोलला, “मॅडम, याची काडी मोडलीय.”

“हो रे, बरेच दिवस झाले.”

“करून देऊ?”

मंग त्यानं कुठल्याशा वायरीतली तार काढली न बारीक बारीक गुंडाळत बसला, जीभ दातात धरून. तेवढ्यात त्याची बायको बोलत होती, सासूचं, पोरांच्या फीचं, तो घरी आल्यावर एक शब्द बोलत नाय त्याचं. हात कामात होते म्हणून त्याला ऐकावंच लागलं. बोलता बोलता ती रडायला लागली तर तो खाली मान घालूनच बोलला, “हे तू मला कधी बोललीच नाय.” ती बोलली, “तू कधी मोडकी काडी घेऊन बसलाच नायस ना.” चष्मा नीट झाला, भांडण अर्धं झालं. बाकीचं अर्धं बाईंनी पुढच्या रविवारी ठेवलं.

तुमाला वाटंल असल्या बाईचं स्वतःचं घर कसं शांत असंल. घर दोन गल्ल्या पलीकडं होतं न बाई न त्यांचे मालक, म्हणजे काका, यांचं भांडण मला हॉलमधे झाडू मारताना ऐकू यायचं. काकांना वाटायचं टीव्हीचा आवाज कमी हाय, बाईंना वाटायचं काकांचा जास्त हाय. चष्म्याची युक्ती अख्ख्या पनवेलला लागू पडायची, काकांना नाय. काकांच्या हातात चष्मा दिला की ते तो सरळ स्वतःच्या नाकावर चढवायचे न तसेच ओरडत राहायचे. मी एकदा बघितलं, बायकी चष्मा घालून काका बाईंना सांगत होते की आमटीला मीठ नाय, न बाईंना दिसत नव्हतं म्हणून बाई भिंतीकडं बघून सांगत होत्या की डब्यात आहे, घ्या.

मी विचारलं, “बाई, तुमचंच असं, मंग लोकांना काय सांगता?”

“हेच सांगते,” बाई बोलल्या. “की मीठ डब्यात असतं.”

मला आजपण ते नीट समजलं नाय. पण मला बऱ्याच गोष्टी समजत नाय.

लग्न ठरलेली पोरं-पोरी यायची तर बाईंचा पहिला प्रश्न, “भांडलात का?” ती एकमेकांकडं बघून लाजायची न बोलायची, नाही आंटी, आमचं कधीच भांडण होत नाही. बाई बोलायच्या, मग भांडून या. न त्यांना कर्नाळ्याला पाठवायच्या. अभयारण्यात पक्षी बघायला नाय, वर किल्ल्यावर, भर दुपारी, दोघांत पाण्याची एक बाटली. संध्याकाळी ती पोरं यायची तवा एक पुढं, एक मागं, एकाच्या हातात रिकामी बाटली न दुसऱ्याच्या तोंडावर बारा वाजलेले. “छान,” बाई बोलायच्या. “आता बसा. पाणी कोणी संपवलं?”

आता माझं सांगते. माझं सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाय, न सांगायला मला लाज वाटते.

मी गव्हाणची. आमची मिठागरं होती, आता नाय. सातवीत नापास झाली न घरी बसली ती लग्नालाच उठली. पहिल्यापासून भित्री. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी किचनच्या बाहेर, लिफ्टमधे डोळे बंद, एटीएममधून पैसे आले की मी दचकते, जसं काय ते माझे नायतच. नवरा माझा भरावाच्या कामावर डंपर चालवतो, एवढं मोठं धूड रिव्हर्स घेतो न त्याची बायको सरकत्या जिन्याला नमस्कार करून परत जाते. सासू बोलायची, “डंपरवाल्यानं ससा आणलाय घरी.”

मंग पोरगी झाली न माझं अजून बिघडलं. मला सारखं वाटायचं ती आता श्वास घ्यायची थांबंल. झोपली की नाकाखाली बोट धरायची, बोटाला वारा लागला की हाय, नाय लागला की मी ओरडायची, न मंग ती उठून रडायची, न रडली की मला बरं वाटायचं. शिंकली की रिक्षा करून डॉक्टर. डॉक्टर मला बघितलं की आधी माझीच नाडी बघायचे. न सगळ्यात मोठं म्हणजे मी तिला कोणाच्या हातात देत नव्हती. सासूला मोतीबिंदू, सासू पाडंल. नणंदेला सर्दी. नवरा कामावरून यायचा, अंगभर माती, हात पुढं करायचा की मी बोलायची, आधी हात धू. हात धुऊन यायचा की मी बोलायची, ओले हायत, पुस. पुसून यायचा तवर पोरगी झोपलेली. मला हे सगळं बरोबर वाटायचं. मी आई होती ना.

एक दिवस तो हात धुऊन, पुसून आला, न मी बोलली, नखं वाढलीत. त्यानं स्वतःच्या नखांकडं बघितलं. मंग बोलला, “रविवारी तुला गव्हाणला सोडून येतो. पोरगी हितंच राहील.”

कधी न ओरडणारा माणूस हळू आवाजात असं बोलला की मंग काय होतं ते मी तुमाला काय सांगू. त्या रविवारी सकाळी तो आंघोळीला गेला न मी पोरीला टॉवेलात गुंडाळली न पळाली. कुठं जायचं काय ठरलेलं नव्हतं. स्टँडवर शोधंल, बहिणीकडं शोधंल, देवळात तर सासूच असते. चर्चचं दार उघडं होतं, आत पंखे फिरत होते, बायका बसलेल्या. मला वाटलं इथं तो काय येणार नाय. शेवटच्या बाकावर बसली. एका बाईनं मला गाण्याचं पुस्तक दिलं, मी ते पोरीला वारा घालायला वापरलं.

गाणी झाली, प्रार्थना झाली, न मंग पाळकसाहेबांनी एक कागद घेतला न वाचलं, अमुक मुलाचा न तमुक मुलीचा विवाह ठरला आहे, ही पहिली पुकार आहे, या विवाहाला कोणाची हरकत असेल तर त्यांनी सांगावे.

तुमाला माहीत असंल, मला नव्हतं. लग्नाआधी तीन रविवार अशी पुकार करतात, आधीचं लग्न लपवलेलं वगैरे असंल तर कळावं म्हणून, न कोण कधी काय बोलत नाय, सगळे गप बसतात न पुढचं गाणं होतं. पण मी ऐकलं ते एवढंच की लग्नाला कोणाची हरकत असेल तर सांगा. मला वाटलं काय चांगली पद्धत हाय यांच्यात, दर रविवारी विचारतात. माझ्या लग्नात मला कोणी विचारलं नव्हतं, बँडचा आवाज एवढा होता की विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं. न मी, जी दुकानात सुटे पैसे मागायला घाबरते, ती मी पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली न बोलली,

“माझी हाय हरकत.”

आधी काय झालंच नाय. मंग सगळ्या माना वळल्या. पाळकसाहेबांच्या हातातला माईक कुईं करून ओरडला. दुसऱ्या बाकावर एक पोरगा होता नवीन शर्टातला, त्याचं तोंड त्याच्या शर्टाएवढं पांढरं झालं, न त्याच्या बाजूच्या पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मंग माझ्या कडेवर बघितलं, मंग त्याच्याकडं.

“देवाशपथ,” तो ओरडला, “मी हिला ओळखतपण नाही.”

मागून कोणतरी म्हातारी बोलली, “नाक बघा, नाक.”

माझी पोरगी त्याच वेळी त्याच्याकडं बघून हसली. मी तुमाला सांगते, ती आजपर्यंत अनोळखी माणसाकडं बघून कधी हसलेली नाय. पोराची आई खाली बसली, म्हणजे बसलेलीच होती पण अजून खाली गेली. पोराला बोलता येईना न गप बसताही येईना, हात वर करून तो सगळ्यांना सांगत सुटला, कर्नाळ्याची शपथ घेतली, बायबलची घेतली, आईची घेतली.

तवा पुढच्या बाकावरून एक बाई उठली. चष्मा काढला, जाता जाता त्या पोराच्या हातात दिला, “धर जरा,” न तो गप. मंग बाकांना हात लावत लावत ती बाई माझ्यापर्यंत आली न तोंड एकदम जवळ आणून विचारलं, “कोणाच्या लग्नाला हरकत आहे तुझी?”

“माझ्या.”

“तुझं कधी आहे?”

“झालं.”

“कधी?”

“दोन वर्षं झाली.”

पहिल्यांदा ती नवरी हसली. मंग तो पोरगा खाली बसला न चष्मा धरलेल्या हातांनीच तोंड पुसायला लागला. मंग अख्खं चर्च. मला वाटलं आता जमीन फाटली तरी मी आत जाणार नाय कारण खाली अंधार असंल.

बाई हसल्या नाय. पाळकसाहेबांकडं वळून मोठ्यानं बोलल्या, “हरकत जरा उशिरा आली आहे, पण आली आहे. उपासना झाल्यावर मी ऐकते. पुढचं गाणं घ्या.”

मागच्या खोलीत त्यांनी मला चहा दिला, न माझ्याकडून नवऱ्याचा नंबर घेऊन स्वतःच फोन लावला. मी बोलली, नको, तो पोरगी घेईल. बाई बोलल्या, “घेईल म्हणजे? कडेवर घेईल की काढून घेईल?” दोन्ही एकच वाटायचं मला.

तो आला तवा एका पायात त्याची चप्पल न एका पायात सासूची. दारात उभा, चप्पल काढायची की ठेवायची कळत नव्हतं. मला बघितलं, पोरीला बघितलं न भिंतीला पाठ लावून, हात मागं बांधून उभा राहिला. न मी सुरू झाली. काय काय बोलली मला आठवत नाय, श्वास न घेता बोलली, तू पोर काढून घेणार, तू मला टाकणार, तुझी आई मला ससा बोलते, तुझी नखं वाढलीत.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं त्याला देतील.

“धर जरा,” मला बोलल्या.

मी एका हातात घेतला. बाईंनी चष्म्याचं घर दिलं, “हे पण.” ते बोटांत अडकवलं. मंग चहाचा कप. “धर ना, गरम आहे, सांभाळून.”

“बाई, माझ्या हातात बाळ हाय.”

“ते दिसतं आहे मला. चष्म्याशिवायही.”

कप कलायला लागला. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पोरीला टेबलावर ठेवू तर टेबल उंच, खाली ठेवू तर फरशी गार. बाई मुद्दाम हात पदराखाली घेऊन बसलेल्या. खोलीत रिकामे हात दोनच होते न ते मागं बांधलेले होते.

मी बोलली, “घे.”

तो पुढं आला न थांबला. बाईंना बोलला, “हात धुवून येऊ?”

मला त्या वेळी कोणी कानाखाली मारली असती तर कमी लागलं असतं. मी बोलली, “राहू दे. घे.”

“मान कुठं धरायची?”

सहा महिन्यांची पोरगी, मान कधीच धरली होती तिनं. त्याला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, मान ती धरते, तू खालून धर. त्यानं धरली, डंपरचं स्टिअरिंग धरतो तशी, दोन्ही बाजूंनी, अंगापासून लांब. पोरीनं त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं न मी ओरडणार होती, बटण सुटंल, घशात जाईल, पण माझ्या हातात कप होता, चष्मा होता, घर होतं, न बाई माझ्याकडं बघत होत्या. बघत होत्या म्हणजे, जिकडं मी असंल असं त्यांना वाटत होतं तिकडं.

“आता तू सांग,” बाई त्याला बोलल्या. “पोरगी इथेच ठेवायची, ही गव्हाणला, हे कशासाठी?”

तो पोरीकडंच बघून बोलला. “मला हिला सोडायचं नव्हतं, बाई. मला वाटलं ही चार दिवस आईकडं गेली तर मला एकदा तरी पोरगी घेता येल. मी अजून तिला जागी बघितलीच नाय.”

कप माझ्या हातातून सांडला. थोडा चष्म्यावर, थोडा माझ्यावर. तो बोलला, “भाजलं का?” मी बोलली, “नाय, गार झालेला.” एवढाच आमचा समेट झाला. कोण कोणाच्या गळ्यात पडलं नाय. घरी जाताना पोरगी त्याच्याकडंच होती न मी पूर्ण रस्ता बाजूनं दोन्ही हात पुढं धरून चालत होती, पडली तर झेलायला. लोकांना वाटलं मी भीक मागते.

मंग बाईंनीच मला कामावर घेतलं. बोलल्या, घरात बसून बोट नाकाखाली धरण्यापेक्षा इथे झाडू धर. सासू बोलली, “जा जा, उद्या गळ्यात क्रूस घालून येशील.” मी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं, मला पोटात काय ठेवता येत नाय. बाई बोलल्या, “सासूबाईंना सांग, गळ्यात काही घालणार नाही. डोक्यातलं थोडं काढते आहे.” सासूनं विचार केला न बोलली, डोक्यातलं काढत असतील तर जाऊ दे, बरंच हाय आत.

न एक गोष्ट सांगायलाच पायजे, नायतर तुमाला वाटंल बाई सगळ्यांनाच परत घरी पाठवायच्या. एक जोडपं आलं, तो अगदी गोड बोलणारा, इस्त्रीचे कपडे, बाईंना वाकून नमस्कार केला. बायको गप. तो बोलला, आंटी, हिला जरा समजवा, संसार आहे, होतं कधी कधी. मी चहा घेऊन गेली न मला वाटलं आता चष्मा निघंल. निघाला नाय. बाईंनी तो उलट नीट बसवला, पुढं वाकल्या न त्या बायकोच्या बांगड्यांच्या वर, दंडावर, बघत राहिल्या. त्याच्या हातात त्यांनी चष्मा दिलाच नाय, चहापण दिला नाय. उठल्या न तिला बोलल्या, “हे समजवायचं काम नाही. चल, पोलीस स्टेशनला जाऊ.” तो बोलला, तुम्ही लग्नं जोडता की तोडता? बाई बोलल्या, “जोडते. पण हे लग्न नाही, हे वेगळं काहीतरी आहे.” न रबरी चपला घालून निघाल्या, तिचा हात धरून, तो मागून गोड गोड बोलत. मी ट्रे घेऊन तिथंच. त्या दिवशी मला समजलं की चष्मा हातात मिळणं हा मान होता. माझ्या हातात दिलेला, चहा सांडेपर्यंत.

यंदा बाई गेल्या. आधी धाप लागायची, मंग पाय सुजले, मंग डॉक्टर बोलले छातीचं ऑपरेशन करायला लागंल. मला हॉस्पिटलचा वास आला की चक्कर येते, म्हणून मी खालीच गेटवर डबा घेऊन उभी, माझं दुसरं बाळ पोटाला बांधलेलं, तीपण मुलगीच, न नवरा डबा घेऊन वर गेला. त्यानं येऊन सांगितलं, काका सगळ्यांवर ओरडत होते. लिफ्ट का येत नाय, चादर का मळकी हाय, डॉक्टर एवढा लहान का हाय. बाईंना आत न्यायला लागले तरी ओरडतच होते. तवा बाईंनी चष्मा काढला न काकांच्या हातात दिला. “धरा जरा. आलेच मी.”

त्या आल्या नाय.

दफनाच्या वेळी एवढी माणसं, की मागं उभी राहून मला काय दिसलंच नाय. उरणचा क्रेनवाला बायकोला घेऊन आलेला. पुकारवाला पोरगापण होता, त्याची बायको मला बघून हळूच बोलली, “आज काही हरकत नाही ना?” न मंग आमी दोघी रडायला लागलो.

थोड्या दिवसांनी आमी काकांकडं गेलो. मी, नवरा, मोठी त्याच्या खांद्यावर, धाकटी माझ्याकडं. मी रस्ताभर घाबरत होती, काकांशी काय बोलायचं. टीव्ही बंद होता. शेजारीण कानात बोलली, “ते काही बोलतच नाहीत गं. ओरडले असते तर बरं झालं असतं.”

काका खुर्चीत बसलेले न त्यांच्या दोन हातांच्या ओंजळीत चष्मा. तार तशीच. आजपर्यंत अख्ख्या पनवेलनं तो तसा धरला, काकांनी कधी नाय धरला. आता धरलेला. नाकावर चढवायचं त्यांना आठवत नव्हतं, न खाली ठेवावा असं बाई बोलल्या नव्हत्या, न परत घ्यायला कोण येणार नव्हतं.

शेजारणीनं चहा आणला, काकांनी घेतला नाय, हात रिकामे नव्हते. कप तिथंच गार होत राहिला.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मोठी माणसं असल्या वेळी कायतरी चांगलं बोलतात, बायबलमधलं, गीतेतलं, मला सातवीपर्यंतचं सगळं मिळून काय आठवेना. काकांचे हात म्हातारे झालेले, बोटांची नखं वाढलेली. मी हे सगळं बघितलं. मला बघायचं नव्हतं पण मला दिसतंच.

मी पोटाचं फडकं सोडलं न धाकटीला पुढं केलं.

“काका, धरा जरा.”

काका दचकले. “अगं, हात कुठे रिकामे आहेत माझे?”

“करा.”

त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टेबलाकडं, खाटेकडं. मंग माझ्या नवऱ्यानं मोठीला खाली ठेवली न त्यांच्यापुढं ओंजळ धरली. काका बराच वेळ त्या ओंजळीकडं बघत राहिले. मंग हळूच चष्मा त्यात ठेवला.

धाकटीला मी त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्याकडं डोळे मोठे करून बघायला लागली.

“काय बघतेस?” काका तिच्यावर ओरडले. “पाहिलं नाहीस कधी माणूस?”

बाहेर शेजारणीच्या हातातलं भांडं पडलं. काका तिच्यावरपण ओरडले. न मंग रडायला लागले, ओरडता ओरडताच, न धाकटी त्यांच्या शर्टाचं बटण शोधायला लागली.

मी हात धुवा बोलली नाय, बटणाचंपण काय बोलली नाय. फक्त खुर्चीपाशी वाकून उभी राहिली, दोन्ही हात खाली पसरून, काकांना ते दिसणार नाय असे.